सायक्लिन चढलेलंच असतं, मग डीएनएची प्रत दुसऱ्यांदा का सुरू होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जीवाणूत डना-ए हे प्रथिन पुरेसं साठलं की डीएनएची प्रत निघायला लागते आणि आपल्या पेशीत सायक्लिन हे प्रथिन वाढलं की लागते, असं पुस्तकात दिलेलं असतं. पण सायक्लिन तर अख्खा एस टप्पा (पेशीचक्रातला प्रत काढण्याचा टप्पा; त्याआधीचा जी-१, नंतरचा जी-२ आणि मग विभाजन) आणि त्यापुढेही चढलेलंच राहतं. मग ज्या भागाची प्रत निघाली तोच भाग पुन्हा का सुरू होत नाही? आणि सुरुवात करायची हे ठरवतं तरी कोण?

शंका अगदी रास्त आहे. पहिल्या वर्षाला हे शिकवताना आम्ही बहुतेक जण हा भाग घाईत उरकतो. थेट उत्तर असं की सायक्लिन ज्या विकराला जागं करतं, तो सायक्लिन-अवलंबी कायनेज म्हणजे सीडीके (कायनेज म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणारा विकर), प्रत सुरू करून देतो आणि त्याच वेळी पुढच्या सुरुवातीची तयारीही बंद पाडतो. म्हणजे सीडीके चढलेला असतो म्हणूनच दुसरी सुरुवात होत नाही. आता हे कसं घडतं ते पाहू.

आधी थोडा हिशोब. माणसाचं पहिलं गुणसूत्र सुमारे २४.८ कोटी बेस-जोड्यांचं आहे. आपल्या पेशीत रेप्लिकेशन फोर्क, म्हणजे साखळी उलगडत प्रत जिथे निघत जाते ते ठिकाण, मिनिटाला साधारण दोन हजार बेस पुढे सरकतो. गुणसूत्राच्या मधोमध एकच ओरिजिन (प्रत जिथून सुरू होते ती जागा) धरला आणि तिथून दोन्ही दिशांना एकेक फोर्क सोडला, तर काम संपायला ४३ दिवस लागतील. प्रत्यक्षात एस टप्पा आठेक तासांत उरकतो, कारण एका पेशीत तीस ते पन्नास हजार ओरिजिन चालू होतात. यातला प्रत्येक जण एका फेरीत एकदाच चालू झाला पाहिजे. जो चालू झालाच नाही, पण ज्याच्यावरून शेजारचा फोर्क निघून गेला, त्यानेही नंतर गप्प बसायला हवं. एवढ्या ठिकाणांची नोंद ठेवणारं पेशीत कोणी नाही. त्यामुळे प्रत निघाली की नाही, ही माहिती त्या जागेच्या रासायनिक अवस्थेतच असावी लागते.

हे पहिल्यांदा नीट दिसलं ते १९७० साली. पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी वेगवेगळ्या टप्प्यांतल्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) एकत्र जोडल्या. जी-१ मधली पेशी एस टप्प्यातल्या पेशीशी जोडली, तर जी-१ चं केंद्रक वेळेआधीच प्रत काढायला लागलं. जी-२ मधली पेशी तशीच जोडली, तर जी-२ चं केंद्रक ढिम्म हललं नाही. पेशीद्रव तेच, सुरुवात करून देणारे घटक तेच, तरी एक केंद्रक ऐकतं आणि दुसरं ऐकत नाही. म्हणजे जी-१ च्या केंद्रकाकडे काहीतरी होतं, जे प्रत काढताना खर्च झालं. १९८८ मध्ये ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात काम करून या ‘काहीतरी’ला लायसन्सिंग फॅक्टर म्हटलं: प्रत निघण्याआधी मिळणारा आणि प्रत निघताना खर्च होणारा परवाना. विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण फुटतं तेव्हाच तो आत शिरतो, ही त्यांची जोडकल्पना पुढे बरीच बदलली. खर्च होणारा परवाना मात्र टिकला. आज आपल्याला तो परवाना नावागावासकट माहीत आहे.

तो परवाना म्हणजे एमसीएम २ ते ७ या सहा प्रथिनांचं कडं. विभाजन संपत आल्यापासून जी-१ संपेपर्यंत सीडीके जवळजवळ शून्यावर असतो. त्या काळात ओआरसी हा सहा प्रथिनांचा संच ओरिजिनवर बसतो. ब्रूस स्टिलमन आणि स्टीफन बेल यांनी तो १९९२ मध्ये यीस्टमधून काढला. ओआरसीला सीडीसी-६ येऊन मिळतं, सीडीटी-१ एमसीएमचं कडं घेऊन येतं, आणि एक नव्हे तर दोन कडी तोंडाला तोंड लावून डीएनएच्या दुहेरी साखळीभोवती चढवली जातात. हे काम झालं की ओआरसी, सीडीसी-६ आणि सीडीटी-१ काढून घेतले तरी कडी तिथेच राहतात. ती डीएनएवर मागेपुढे घसरू शकतात, पण साखळी उलगडत नाहीत. हेलिकेज, म्हणजे साखळी उलगडणारं यंत्र, आहे, जागेवर आहे, पण थंड.

जी-१ संपताना सीडीके वाढतो आणि त्याच्या सोबतीला डीडीके हा दुसरा कायनेजही येतो. डीडीके थेट एमसीएमच्या शेपट्यांवर फॉस्फेट लावतो, त्यामुळे एसएलडी-३ आणि त्याच्यासोबत सीडीसी-४५ कड्याला चिकटू शकतात. सीडीकेचं काम थोडं आडवळणाचं आहे. तो एसएलडी-२ आणि एसएलडी-३ यांच्यावर फॉस्फेट लावतो, म्हणजे डीपीबी-११ त्यांना धरू शकतं, आणि या जोडणीतून जिन्स हा चार प्रथिनांचा गट एमसीएमपर्यंत पोचतो. सीडीसी-४५, एमसीएम आणि जिन्स मिळून बनतं ते सीएमजी, म्हणजे खरं चालतं हेलिकेज. शेवटी एमसीएम-१० आलं की दोन्ही कडी एकमेकींपासून सुटतात, प्रत्येक कडं दुहेरी साखळीवरून एकेरी साखळीवर येतं आणि दोघं विरुद्ध दिशांना चालू पडतात. ही नावं यीस्टमधली. माणसात एसएलडी-३ च्या जागी ट्रेस्लिन आणि डीपीबी-११ च्या जागी टॉपबीपी-१ येतं, चाल तीच राहते. २०१५ मध्ये जॉन डिफ्ली यांच्या गटाने शुद्ध केलेली यीस्टची प्रथिनं परीक्षानळीत एकत्र करून हा सगळा प्रकार पेशीबाहेर घडवून दाखवला. त्यानंतर सीडीकेला ओरिजिनवर नेमकं काय करायचं असतं, हा वाद बराचसा मिटला.

आता तुमच्या शंकेकडे येऊ. कडी ओरिजिन सोडून चालत गेली. ओरिजिन पुन्हा चालू व्हायचा तर तिथे नवी कडी चढवावी लागतील, आणि ती चढवायला ओआरसी, सीडीसी-६, सीडीटी-१ व मोकळं एमसीएम हवं. यीस्टमध्ये सीडीके या प्रत्येकाच्या मागे लागलेला असतो. ओआरसीवर फॉस्फेट लागतं आणि ते कडी चढवू शकत नाही. सीडीसी-६ फॉस्फेट लागून नष्ट होतं. मोकळं एमसीएम सीडीटी-१ सकट केंद्रकाबाहेर हाकललं जातं. म्हणजे सीडीके कमी असताना कडी चढतात पण चालत नाहीत. सीडीके जास्त असताना चढलेली कडी चालतात पण नवी चढत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य होतील अशी वेळ पेशीचक्रात येतच नाही. शेजारच्या फोर्कने ओलांडलेल्या ओरिजिनचा प्रश्नही यातच सुटतो, कारण जाणारा फोर्क तिथली न वापरलेली कडी काढून टाकतो.

हे अडथळे एकावर एक का रचले आहेत, तेही पाहण्यासारखं आहे. २००१ मध्ये जोकिम ली यांच्या गटाने यीस्टमध्ये हे तिन्ही अडथळे जनुकीय बदल करून एकत्र मोडले, तेव्हाच जी-२ मधल्या पेशींत पुन्हा प्रत निघताना ठळक दिसली. एखादा अडथळा मोडल्याने फारसं काही दिसत नव्हतं. प्रत्येक अडथळ्यातून हजारात एखादा ओरिजिन निसटत असेल, तर हजारो ओरिजिन असलेल्या पेशीला ते परवडणारं नाही. तीन एकत्र असले की निसटण्याची शक्यता गुणाकाराने कमी होत जाते. म्हणून विद्यार्थी जेव्हा म्हणतात, ‘हे जनुक काढलं, काहीच झालं नाही, म्हणजे ते महत्त्वाचं नाही’, तेव्हा मी त्यांना हा प्रयोग दाखवतो.

प्राण्यांच्या पेशींत भर सीडीटी-१ ला आवरण्यावर आहे. जेमिनिन नावाचं छोटं प्रथिन सीडीटी-१ ला घट्ट धरून ठेवतं. ते एस टप्प्यात साठतं आणि विभाजनाच्या अखेरीस एपीसी हा यंत्रणागट त्याचा नाश करतो, त्यामुळे जी-१ मध्ये सीडीटी-१ मोकळं होतं. याशिवाय सीडीटी-१ नष्ट करायचे दोन मार्ग आहेत. त्यातला एक मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. डीएनएवर चढवलेल्या पीसीएनए या कड्याला सीडीटी-१ चिकटलं, तरच सीआरएल-४ हे लायगेज त्याला ओळखून त्याच्यावर युबिक्विटिनची, म्हणजे ‘नष्ट करा’ अशी, खूण लावतं आणि प्रोटिएझोम हे प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचा फडशा पाडतं. पीसीएनए हा प्रत काढणाऱ्या पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारा क्लॅम्प. तो डीएनएवर चढलेला आहे याचा अर्थ प्रत काढणं सुरू झालं आहे. म्हणजे सीडीटी-१ संपवायचा आदेश वरून कुठून येत नाही. प्रत सुरू होण्याची कृतीच तो देते.

आता जीवाणूकडे वळा, म्हणजे मी हे एवढं का घोळवतोय ते कळेल. ई. कोलायमध्ये ४६ लाख बेस-जोड्यांचं एक वर्तुळाकार गुणसूत्र आणि त्यावर ओरि-सी हा सुमारे २४५ बेस-जोड्यांचा एकच ओरिजिन. सुरुवात करून देणारं प्रथिन डना-ए. (नावात डीएनए असला तरी हे प्रथिन आहे, वाचताना घोळ नको म्हणून मी असं लिहितो.) डना-एला एटीपी हा ऊर्जावाहक रेणू चिकटलेला असेल तर ते सक्रिय, तो मोडून उरलेला एडीपी असेल तर निष्क्रिय. ओरि-सीवर डना-एच्या काही जागा घट्ट पकडीच्या आहेत, तिथे ते दोन्ही रूपांत बसलेलं असतं. बाकीच्या ढिल्या जागा फक्त एटीपी-रूपच भरू शकतं. त्या भरल्या की डना-एची माळ तयार होते, शेजारचा ए-टी भरपूर असलेला पट्टा उलगडतो, डना-सी तिथे डना-बी हेलिकेज चढवतं आणि काम सुरू होतं. यात एक फरक ठळकपणे लक्षात ठेवा. जीवाणूत हेलिकेज चढणं आणि चालू लागणं एका दमात होतं. आपल्या पेशींत त्या दोन घटना तासन्‌तास लांब ठेवल्या आहेत.

म्हणून ‘डना-ए पुरेसं साठलं की सुरू’ हे वाक्य मला फारसं पटत नाही. पेशीतली डना-एची एकूण घनता वाढीचा वेग बदलला तरी फारशी बदलत नाही. फरक पडतो तो एका ओरिजिनमागे सक्रिय डना-ए किती उपलब्ध आहे याने, आणि ते पेशीच्या आकाराशी जोडलेलं आहे. १९६८ मध्ये विल्यम डोनाकी यांनी उपलब्ध मोजमापांवरून हिशोब मांडला, तर दर ओरिजिनमागे पेशीचं वस्तुमान एका ठरावीक मूल्याला पोचलं की सुरुवात होते असं दिसलं. कोण ठरवतं, या प्रश्नाला जीवाणूपुरतं उत्तर हेच: वाढ.

आणि दुसऱ्यांदा का नाही? सुरुवात होताच तीन गोष्टी घडतात. पहिली, जुन्या साखळीवर असलेली मिथाइलची खूण नव्या साखळीवर अजून लागलेली नसते. ही खूण ज्यावर लागते तो जीएटीसी हा चार अक्षरांचा क्रम ओरि-सीमध्ये ११ वेळा येतो. सेक-ए हे प्रथिन अशा अर्ध्या खुणेच्या जागा ओळखून त्यांवर बसतं आणि पेशीचक्राच्या जवळपास एक तृतीयांश काळ ओरिजिन झाकून ठेवतं. दुसरी, डॅट-ए ही गुणसूत्रावरची जागा डना-ए मोठ्या प्रमाणावर ओढून घेते आणि त्याचा एटीपी मोडायला मदत करते. तिसरी, एचडीए हे प्रथिन डना-एला लागलेल्या एटीपीचं एडीपी करवतं. पण एचडीए हे काम डीएनएवर चढलेल्या बीटा क्लॅम्पला धरूनच करू शकतं.

बीटा क्लॅम्प म्हणजे जीवाणूचा पीसीएनए. दोघांची अमिनो आम्लांची क्रमवारी जुळत नाही, तरी आकार हुबेहूब एकसारखा, कड्यासारखा. जीवाणू आणि माणूस यांचे सुरुवात करून देणारे घटक वेगळे, नाश करण्याची रीत वेगळी. एकीकडे एटीपी मोडला जातो, दुसरीकडे अख्खं प्रथिन. तरी दोघांनीही ‘सुरू झालं, आता बंद करा’ ही खबर देण्याचं काम डीएनएवर चढलेल्या क्लॅम्पकडेच सोपवलं आहे.

ई. कोलायमध्ये हे नियंत्रण डोळ्यांनी पाहता येतं. सुपीक माध्यमात पेशी २० मिनिटांत दुप्पट होतात. फोर्क सेकंदाला हजारेक बेस चालतो, तरी गुणसूत्र पुरं व्हायला ४० मिनिटं लागतात, आणि त्यानंतर विभाजनाला आणखी २० मिनिटं. म्हणजे आत्ता विभागणाऱ्या पेशीची फेरी तिच्या आजीच्या काळात सुरू झालेली असते आणि एकाच पेशीत एका वेळी चार किंवा आठ ओरिजिन असतात. अशा पेशींना रिफॅम्पिसिन आणि सेफॅलेक्सिन द्या. पहिल्याने नव्या सुरुवाती थांबतात, दुसऱ्याने विभाजन थांबतं, पण चालू असलेले फोर्क शेवटपर्यंत जातात. दोनेक तासांनी फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीतला डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिलं तर निरोगी जातीत ४ आणि ८ गुणसूत्रांच्या दोन टोकदार शिखरांखेरीज फारसं काही नसतं. ओरिजिन सगळे एकदम चालू होतात, म्हणून संख्या दुपटीतच येते. कर्स्टन स्कारस्टाड, एरिक बोये आणि हाराल्ड स्टीन यांनी १९८६ मध्ये हे दाखवलं. आता सेक-ए नसलेली जात घ्या. त्याच आलेखात ३, ५, ६, ७ ची शिखरं डोकं वर काढतात. पेशी जिवंत आहेत, वाढतही आहेत, पण काही ओरिजिन दोनदा चालले, काही मागे राहिले. हा प्रयोग महागडा नाही आणि विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारखा आहे. फक्त औषध देताना वाढ खरंच घातांकी टप्प्यात असायला हवी, नाहीतर शिखरं पसरट येतात आणि नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात.

पुन्हा आपल्या पेशींकडे, कारण त्यांच्या पद्धतीत एक खोट आहे. एस टप्पा सुरू झाल्यावर नवा परवाना मिळत नाही, मग दोन ओरिजिनांच्या मध्ये समोरासमोर येणारे दोन्ही फोर्क अडकून पडले तर मधला भाग कोण पुरा करणार? उपाय एकच: जी-१ मध्येच गरजेपेक्षा कितीतरी जास्त कडी चढवून ठेवायची. बहुतेक वापरलीच जात नाहीत. फोर्क मंदावले तर त्यांच्या आसपासचे हे झोपलेले ओरिजिन जागे होतात. एमसीएमचं प्रमाण बरंच घटवलं तरी पेशी नेहमीच्या परिस्थितीत ठीक वाढतात, पण हायड्रॉक्सियुरियासारखा फोर्क मंदावणारा ताण दिला की कोलमडतात. आणि सगळी कडी एकदम का पेटत नाहीत? कारण एसएलडी-२, एसएलडी-३, डीपीबी-११ आणि डीडीके हे घटक ओरिजिनांच्या मानाने फार कमी असतात. ते एका ओरिजिनवरून मोकळे झाले की दुसऱ्यावर जातात. आरआयएफ-१ हे प्रथिन फॉस्फेट काढणाऱ्या विकराला सोबत आणून काही भाग मुद्दाम उशिरापर्यंत रोखून धरतं. नुकसान दिसलं की चेकपॉइंट कायनेज उशिराचे ओरिजिन थांबवतात.

‘ठरवतं कोण’ याचं आपल्या पेशींपुरतं उत्तर मी थोडक्यात देतो, कारण ते पुस्तकात बरं दिलेलं असतं. वाढीचे संदेश सायक्लिन-डी वाढवतात, सीडीके ४ आणि ६ आरबी प्रथिनावर फॉस्फेट लावतात, आरबीने धरून ठेवलेलं ई-टू-एफ हे जनुकं चालू करणारं प्रथिन मोकळं होतं, सायक्लिन-ई तयार होतं. पण इथे दोन निर्णयांची गल्लत करू नका. पेशी एस टप्प्यात जाईल की नाही हा एक, आणि अमुक ओरिजिन चालेल की नाही हा वेगळा. पहिला अख्ख्या पेशीसाठी असतो आणि बाहेरच्या संदेशांवर चालतो. दुसरा जागेवर ठरतो आणि त्यात बराचसा योगायोग असतो. एकाच वाणाच्या दोन पेशी तेच ओरिजिन वापरतील याची खात्री नाही. यीस्टमध्ये निदान ११ बेसचा ठरलेला क्रम तरी ओआरसी शोधतं. माणसात असा क्रमच नाही.

ही तयारी जन्मतःच अधू असली तर काय होतं, ते मायर-गॉर्लिन सिंड्रोममध्ये दिसतं. ओआरसी-१, ओआरसी-४, ओआरसी-६, सीडीटी-१ किंवा सीडीसी-६ यांच्या जनुकांतल्या दोषांमुळे उंची खुंटते, कान लहान राहतात, गुडघ्याची वाटी नसते किंवा अगदी छोटी असते. पेशी प्रत काढतात, पण परवाने जमवायला वेळ लागतो आणि विभाजनं कमी पडतात, असा त्याचा साधारण अर्थ लावला जातो.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट, कारण तुम्ही हा विषय प्रयोगशाळेत हाताळणार असं दिसतंय. ४एन (प्रत पुरी झालेल्या पण न विभागलेल्या पेशीतला डीएनए) च्या पुढे डीएनए दिसला की लगेच ‘पुन्हा प्रत’ असं लिहू नका. माशीच्या लाळग्रंथी, सस्तन प्राण्यांच्या अस्थिमज्जेतल्या मेगॅकॅरिओसाइट पेशी, वनस्पतींची बरीच पानं यांत पेशी विभाजनाचा टप्पा गाळून किंवा अर्धवट सोडून एस टप्पा पुन्हापुन्हा घेतात. तिथे सीडीके मधे खरोखर उतरतो, परवाने रीतसर नव्याने मिळतात, आणि सायटोमीटरवर ८एन, १६एन अशी स्वच्छ शिखरं येतात. खरी पुन्हा प्रत म्हणजे एकाच एस टप्प्यात काही ओरिजिन परत चालणं. तिचं शिखर येत नाही; ४एन पासून उजवीकडे ओघळ येतो, कारण प्रत्येक पेशीत वेगवेगळा तुकडा जादा निघालेला असतो. तुलनेसाठी पेव्होनेडिस्टॅट दिलेल्या पेशी सोबत ठेवा. या औषधाने सीआरएल लायगेज बंद पडतात, सीडीटी-१ नष्ट होत नाही आणि कर्करोगाच्या बऱ्याच पेशींत तो ओघळ दिवसभरात दिसू लागतो. तरीही शंका उरली, तर ब्रोमोडिऑक्सियुरिडिन (नव्या साखळीत शिरून तिला जड करणारं रसायन) देऊन घनतेनुसार डीएनए वेगळा करा. एकाच फेरीत दोन्ही साखळ्या जड झालेल्या निघाल्या, तरच तो भाग दोनदा काढला गेला असं म्हणता येईल.